अंगावर पाण्याचे फोड आले की लगेच नागीण म्हणू नका (आईचा अनुभव, जरा मोठं झालंय)

अनेरकाठ

नमस्कार मंडळी. चार-पाच महिन्यांपासून लिहीन लिहीन म्हणतोय पण होत नव्हतं, आज आई जेवून झोपलीये आणि लाईट पण आहे म्हणून बसलोच. आम्ही चोपडा तालुक्यातले, घरची केळी, आईचं वय ५२. अंगावर पाण्याचे फोड येणं हा आजार नाही, ती खूण आहे. त्या एका खुणेमागे दहा-पंधरा वेगवेगळे आजार असू शकतात, काही आठवड्यात आपोआप जाणारे आणि काही जिवावर उठणारे, पण आपल्याकडे सगळ्याला एकच नाव, नागीण. आम्ही पण तेच केलं आणि त्यात आईचे पाच महिने गेले.

सुरुवात तोंडापासून झाली. दिवाळीचा फराळ चालू होता तेव्हा आई म्हणाली तोंड आलंय. आता तोंड येणं म्हणजे आपल्याकडे काय, उष्णता झाली, ताक पी, बी कॉम्प्लेक्स घे, कोणी सांगितलं तुरटीच्या गुळण्या कर. सगळं केलं. आधी ठेचा बंद झाला, मग बट्टीचा कडक भाग टोचतो म्हणून बट्टी बंद, मग नुसती वरणात भिजवलेली भाकर, आणि शेवटी एक दिवस ताट सरकवून म्हणते "वरनबी झोंबस रे भाऊ, काय खाऊ मी". वजन आठ किलो उतरलं. दातांच्या डॉक्टरला दाखवलं, त्यांनी लावायला जेल दिली, दुसरीकडे गेलो तिथे पण जेलच. कोणीच म्हटलं नाही की तीन आठवड्यात तोंड बरं होत नसेल तर पुढे तपासा. तोंडात फोड दिसत नाही बरं का, तिथलं कातडं इतकं पातळ असतं की फोड उठला की फुटतो, मागे राहतो तो सोललेला लाल भाग, म्हणून सगळे त्याला साधा छाला समजतात.

होळीच्या सुमाराला छातीवर एक फोड आला. मऊ, ढिला, अर्धी पाणी भरलेली पिशवी असते तसा. दोन दिवसात फुटला, त्याच्या बाजूला अजून दोन, मग पाठीवर, मग काखेत. गल्लीतल्या दोन-तीन बायांनी बघून सांगितलं नागीण आहे, भगताकडे न्या. मीच मोटरसायकलवर घेऊन गेलो. तीन मंगळवार गेरू लावला, मंत्र झाला. गेरू त्या ओल्या जखमांवर सुकून सिमेंटसारखा बसला आणि नंतर दवाखान्यात सिस्टरने सलाईनचे बोळे ठेवून ठेवून तासभर तो भिजवून काढला, आई हूं की चूं करत नव्हती, मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

जळगावला कातडीच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा त्यांनी छातीचे फोड नंतर बघितले, आधी म्हणाले तोंड उघडा. टॉर्च मारला. मग फोडाच्या शेजारी जिथे कातडं चांगलं दिसत होतं तिथे अंगठा दाबून जरासा सरकवला, आणि भिजलेल्या शेंगदाण्याचं साल सरकतं तसं वरचं कातडं सरकलं. मला तिथेच घाम फुटला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की ही नागीण नाही, बहुतेक पेम्फिगस आहे, तुकडा काढून खात्री करू. रिपोर्टात तेच आलं, पेम्फिगस व्हल्गारिस.

ह्यात आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनावर हल्ला करते, डेस्मोग्लीन त्याचं नाव. संसर्गजन्य अजिबात नाही. हे मुद्दाम लिहितो कारण आमच्याकडे येणारे आईच्या हातचं पाणी पिईनासे झाले होते, आणि तिला फोडांपेक्षा ते जास्त लागलं.

तुमच्याकडे कोणाला असं काही झालं असेल तर लिहा. आणि फोड बघून काय ओळखायचं, काय नाही, हे जाणकारांनी सांगितलं तर बरं होईल.

भरीत_पार्टी

बापरे दादा. आईंना आता कसं आहे? मी साकळीजवळची, माझ्या सासूबाईंना पण मागच्या वर्षी कंबरेला एका बाजूला फोड आले होते, पण ती खरोखरची नागीण होती, डॉक्टरांनीच सांगितलं. मग ओळखायचं कसं, दिसायला तर सारखंच दिसतं ना?

दवाखाना_ते_घर

मी त्वचारोग विभागात काम करते, डॉक्टर आहे, सध्या धुळ्यात. ऑनलाईन कोणाचं निदान करणार नाही, पण फोड कसा बघायचा ते सांगते कारण ते घरी पण बघता येतं आणि डॉक्टरला नीट सांगता येतं.

जुन्या घराची भिंत आठवा. चुन्याचा वरचा पापुद्रा सुटतो तो पातळ असतो, हात लावला की पडतो. आणि कधी अख्खा गिलावाच विटेपासून सुटून फुगतो, तो जाड असतो, टकटक केलं तर पोकळ वाजतो पण लगेच पडत नाही. पेम्फिगसमध्ये पहिलं होतं, वरच्या थरातल्याच पेशी एकमेकींपासून सुटतात, म्हणून फोड ढिला आणि लगेच फुटणारा. दुसऱ्या प्रकारात वरचा अख्खा थर खालच्या थरापासून उचलला जातो, त्याचं छत जाड म्हणून फोड टणक, ताणलेला, दोन-दोन दिवस न फुटता राहतो, त्याला बुलस पेम्फिगॉइड म्हणतात. पूर्वी ही दोन्ही एकच समजायचे, १९५३ साली वॉल्टर लीव्हर नावाच्या डॉक्टरने मायक्रोस्कोपखाली बघून वेगळी केली. वेगळं करणं महत्त्वाचं होतं कारण स्टिरॉइड येण्याआधी पेम्फिगसचे बहुतेक पेशंट दगावायचे, पेम्फिगॉइडवाले त्या मानाने बरेच वाचायचे.

नागीण ह्या दोन्हींपेक्षा एकदम वेगळी. ती कांजण्यांचाच विषाणू, लहानपणी कांजण्या होऊन गेल्यावर तो मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहतो आणि वय झालं, शरीर कमजोर झालं की त्या एका नसेच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून नागीण शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यात, झुपक्याझुपक्याने येते आणि फोडाच्या आधी दोन-तीन दिवस तिथे आग, ठणका असतो. आई तर दोन्ही बाजूंनी, छाती-पाठ-काख-तोंड, म्हणजे नागिणीत बसतच नव्हतं.

सोनवद_रोड

नागिणीची दोन्ही तोंडं एकत्र आली की माणूस जातो असं आमच्या आजीपासून ऐकतोय, ते खरं आहे का? राग नका मानू, पण आमच्या गावातले बाबा उतरवतात आणि लोकांना गुण येतो हे डोळ्याने पाहिलेलं आहे.

दवाखाना_ते_घर

सोनवद भाऊ, राग कशाला. नस मणक्यातून निघून शरीराच्या मधल्या रेषेपर्यंतच जाते म्हणून पट्टा अर्ध्यातच थांबतो, वेढा पूर्ण होतच नाही सहसा. समजा दोन्हीकडे आलीच तर मरण नाही येत, पण प्रतिकारशक्ती फार कमी झालीये का हे तपासावं लागतं. आणि गुण येतो कारण नागीण दोन-तीन आठवड्यात स्वतःहूनच सुकते, बाबांनी उतरवली काय नाही उतरवली काय. पण ह्यात एक गोष्ट हातची जाते ती म्हणजे पहिले ७२ तास. असायक्लोव्हिर ८०० मिलिग्राम दिवसातून पाच वेळा सात दिवस, किंवा त्याच जातीतलं दुसरं औषध, हे तीन दिवसांच्या आत चालू झालं तर खरा फायदा. तीन मंगळवार म्हणजे झाले ना पंधरा दिवस. फोड जातील पण मागे नसेचा ठणका महिनोनमहिने राहू शकतो, साडीचा काठ लागला तरी जीव जातो अशा म्हाताऱ्या बाया मी रोज बघते. आणि नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याच्या वर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, नजर जाऊ शकते. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ असेल तर फोड सुकेपर्यंत लांब ठेवा, त्या पाण्यातून कांजण्या लागू शकतात. पन्नाशीनंतर घ्यायची लस पण मिळते आता, दोन डोसची.

भरीत_पार्टी

साडीच्या काठाचं अगदी खरं आहे ताई. सासूबाई आज पण त्या बाजूला पदर खोचत नाहीत.

बाजरी_बारदान

मी पारोळा बाजूचा, शेती करतो. दोन गोष्टी माझ्याकडच्या. बाजरी फुलोऱ्यात असली की कणसावर हिंगे येतात, काही जण सोसे म्हणतात, काळ्या-लाल पट्ट्याचा भुंगा. तो अंगावर चिरडला की संध्याकाळपर्यंत मोठ्ठा पाण्याचा फोड येतो, पहिल्यांदा आला तेव्हा मी पण घाबरलो होतो. दुसरा म्हणजे पावसाळ्यात रात्री ट्यूबलाईटवर येणारा बारीक किडा, मुंगीएवढाच लांबट, नारंगी आणि काळा, तो मानेवर बसला आणि झोपेत हात मारला की दुसऱ्या दिवशी चटका दिल्यासारखी लाल लांब रेघ आणि त्यात बारीक फोड. माझ्या पोराला कोपरात आली होती, हात दुमडल्यावर समोर पण तशीच दुसरी उमटली. त्यालाही लोक नागीण म्हणत होते.

दवाखाना_ते_घर

बरोबर ओळखलं. बारीक किडा म्हणजे पेडेरस, तो चावत नाही, चिरडल्यावर त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडीला लागतं. हिंग्यात कॅन्थरिडिन असतं. अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि तिथे लगेच साबण-पाण्याने धुवा. रात्री झोपायच्या जागेवरचा दिवा बंद ठेवा. ते दहा-बारा दिवसात जातं, डाग थोडे दिवस राहतो.

धडगावची_वाट

अजून एक राहिलं, बिब्बा. मी सातपुड्यात शाळेवर आहे. आमच्याकडे पायाला भेगा पडल्या, काटा मोडला, गुडघा दुखला की बिब्बा तापवून त्याचं तेल लावतात. चांगलं जपून लावलं तर लावलं, पण जरा ओघळलं की तिथे भाजल्यासारखे फोड आणि मग ते पसरत जातात, चेहरा सुजतो. सहावीतल्या एका मुलीला घोट्यापासून पोटरीपर्यंत झालं होतं, आई-वडिलांना वाटलं कोणी करणी केली. मी बिब्ब्याचा काळा डाग दाखवला तेव्हा पटलं. आंब्याच्या चिकाने तोंडाच्या कडेला होतं ते पण ह्याच जातीतलं, बिब्बा, आंबा, काजू एकाच कुळातले आहेत.

ताई, मला तुम्हाला दुसरं विचारायचं होतं. मागच्या वर्षी एका पाड्यावर आशाताईंबरोबर गेले होते, तिथे चार दिवसांचं बाळ होतं, जिथे धरलं तिथे फोड. मांडीला, पाठीला, हाताच्या मुठीला. एका पायाचं तर कातडं जन्मतःच नव्हतं. आजी म्हणत होती देव कोपला. ते काय असतं?

दवाखाना_ते_घर

बाळ बघितल्याशिवाय नक्की नाही सांगता येणार, पण वर्णन एपिडर्मोलिसिस बुलोसाचं वाटतंय. जन्मजात, जनुकातला दोष. कातडीचे थर एकमेकांना पकडणाऱ्या प्रथिनांपैकी एखादं तयारच होत नाही किंवा कमी होतं, म्हणून नुसत्या घासण्याने फोड येतो. काही प्रकार सौम्य असतात, मोठेपणी फक्त हातापायाला त्रास, काही फार कठीण. आईने काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही ह्याचा काही संबंध नाही. आई-वडील दोघं निरोगी असूनही बाळाला होऊ शकतं, आणि नात्यात लग्न असेल तर काही प्रकारांची शक्यता वाढते.

पाड्यावर मदत पोहोचेपर्यंत करायचं काय ते लिहिते. बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही, मऊ दुपट्यावर ठेवून दुपट्यासकट उचलायचं. कातडीला चिकटपट्टी कुठेच लावायची नाही, बँडेज चिकटवायचं नाही, व्हॅसलिनची जाळी ठेवून वर सुती कापड गुंडाळायचं. कपड्यांची शिवण बाहेरच्या बाजूला. कमरेला, मनगटाला करगोटा, काळा दोरा नको, तिथेच कापलं जातं. आणि ह्या आजारात फोड तसाच ठेवला तर आतल्या दाबाने कडेकडेने पसरतो, म्हणून निर्जंतुक सुईने खालच्या कडेला भोक पाडून पाणी काढतात पण वरचं कातडं काढत नाहीत. अमेरिकेत २०२३ साली ह्यातल्या एका प्रकारावर जखमेवर लावायचं जनुक असलेलं जेल मंजूर झालंय, आपल्या पाड्यापर्यंत यायला वेळ आहे, पण दुपटं आणि व्हॅसलिन तर आहे.

धडगावची_वाट

शिवणीचं आणि करगोट्याचं आशाताईंना आत्ताच फोन करून सांगितलं. बाळ आहे. आठ महिन्यांचं झालं.

वरण_बट्टी_भुसावळ

विषय निघालाच आहे तर माझं पण वाचा कोणीतरी. आमचे आजोबा ७४ वर्षांचे, शुगर आहे. सहा महिने झाले अंगाला भयंकर खाज, रात्री उठून फणीने पाठ खाजवतात. सगळे म्हणाले म्हातारपणाची कोरडी कातडी, खोबरेल लावा. आता पंधरा दिवसांपासून मांड्यांवर, पोटावर, दंडावर फोड, कडक आहेत, लिंबाएवढा एक झालाय, फुटत नाही. तोंडात काही नाही. नातेवाईक नागीणच म्हणताय. काय करावं?

दवाखाना_ते_घर

सत्तरीच्या पुढचं वय, आधी महिनोनमहिने खाज, मग ताणलेले फोड, तोंड साफ. वर सांगितलेला दुसरा प्रकार, गिलाव्यावाला, तो पहिला तपासला पाहिजे. शुगरच्या गोळ्यांचं पाकीट बघा, नावाच्या शेवटी ग्लिप्टिन येतं का? विल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन असं काही?

वरण_बट्टी_भुसावळ

हो!! विल्डाग्लिप्टिन आहे, मेटफॉर्मिनबरोबर एकत्र गोळी. दीड वर्षापासून चालू आहे. त्याचा काय संबंध?

दवाखाना_ते_घर

ह्या जातीच्या गोळ्यांनी काही वयस्कर लोकांमध्ये पेम्फिगॉइड सुरू झाल्याचं बऱ्याच ठिकाणी दिसलंय, विल्डाग्लिप्टिनचं त्यात जास्त. पण स्वतः बंद करू नका, शुगर चढेल. शुगरच्या डॉक्टरला आणि कातडीच्या डॉक्टरला दोघांनाही सांगा, ते बदलून देतील. घाबरू नका, फोड मर्यादित असतील तर नुसतं तीव्र स्टिरॉइडचं मलम लावूनही आटोक्यात येतं, फ्रान्समध्ये २००२ साली मोठा अभ्यास झाला त्यात भरपूर फोड असलेल्या पेशंटना अंगभर क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइडचं मलम लावणं हे स्टिरॉइडच्या गोळ्यांपेक्षा सुरक्षित ठरलं. वयस्कर माणसाला गोळ्यांचा त्रास जास्त होतो. पण आधी बायोप्सी.

अनेरकाठ

बायोप्सीचं मी सांगतो कारण आमची एकदा वाया गेली. पहिल्यांदा तुकडा काढला तो एकाच बाटलीत टाकून पाठवला, रिपोर्टमध्ये धड काही आलं नाही, परत काढावा लागला. दोन तुकडे लागतात. एक छोट्या ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मलिन नावाच्या द्रावणात जातो. दुसरा फोडाच्या शेजारच्या चांगल्या कातडीचा, तो फॉर्मलिनमध्ये टाकला की संपलं, तो वेगळ्या द्रावणात किंवा साध्या सलाईनमध्ये पाठवतात, त्याच्यावर चमकणारे रंग टाकून प्रतिपिंडं, म्हणजे प्रतिकारशक्तीची हल्ला करणारी प्रथिनं, कुठे बसलीत ते बघतात. आईच्या रिपोर्टात लिहिलं होतं मासळीच्या जाळ्यासारखं, म्हणजे प्रत्येक पेशीच्या भोवती. डॉक्टर म्हणाले पेम्फिगॉइड असतं तर खाली एक सरळ रेघ दिसली असती. बाटल्यांवर नाव, जागा लिहिलेली आहे का ते आपणच उभं राहून बघावं. दुखत नाही, बधिर करतात, एखादा टाका पडतो.

पाडळसरे

दादा मग ट्रीटमेंट काय झाली? आणि खर्च?

अनेरकाठ

सुरुवातीला भरती, स्टिरॉइडचा मोठा डोस वजनाप्रमाणे, सोबत अझाथायोप्रिन, प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. त्याआधी छातीचा एक्सरे, टीबी, 'बी' प्रकारची कावीळ, शुगर सगळं तपासलं. आठ-दहा दिवसात नवीन फोड थांबले. तोंड मात्र सगळ्यात शेवटी बरं झालं, अडीच महिने लागले.

इथे माझी दुसरी चूक सांगतो. फोड गेले, आईचा चेहरा स्टिरॉइडने गोल झाला, शुगर वाढली, मग एक नातेवाईक म्हणाले ही गोळी वाईट, हाडं खाते, बंद करा. आईने मला न सांगता गोळ्या बंद केल्या आणि मी आठ दिवस पाकीट मोजलं नाही. नवव्या दिवशी उभी राहिली की चक्कर, उलट्या, आणि पंधराव्या दिवशी पाठ परत सोलली. स्टिरॉइड एवढे दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, म्हणून ते एकदम तोडायचं नसतं, पायरी पायरीने उतरवावं लागतं, डॉक्टरच उतरवतात. गोळी वाईट असेल पण त्या दिवसांत तिच्यावरच आई जिवंत होती.

त्यानंतर रिटुक्सिमॅब दिलं. १००० मिलिग्रामचं सलाईन, पंधरा दिवसांनी परत एकदा. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची पिलावळ कमी करतं ते. आधी कॅन्सरसाठीचं औषध, पेम्फिगससाठी अमेरिकेत २०१८ ला अधिकृत मंजुरी मिळाली. डॉक्टर सांगत होते की ते परवडत नव्हतं तेव्हा आपल्या देशातलीच एक पद्धत सगळीकडे चालायची, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात काढलेली, महिन्यातून तीन दिवस डेक्सामेथासोन ह्या स्टिरॉइडचं सलाईन आणि त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या काकांचा तोच कोर्स चालू होता. खर्चाचं म्हणाल तर दवाखान्यात शिरल्या शिरल्या आधी आरोग्यमित्राची खिडकी गाठा, फुले योजनेत काय बसतं ते तोच सांगतो. आम्ही ते पंधरा दिवस उशिरा विचारलं.

मीनाक्षी_शहादा

माझ्या मुलाला अंगणवाडीतून आल्यावर हाताला पायाला तोंडात फोड आले होते, ताप पण. हे सगळं वाचून धस्स झालं. डॉक्टरांनी हॅन्ड फूट माउथ सांगितलं होतं, बरा झाला तो, पण महिन्याने त्याची नखं गळाली. ते काय त्याच्यामुळेच का?

दवाखाना_ते_घर

हो, त्याच्यामुळेच, नखं परत येतात, काळजी नको. विषाणूचा आजार, पाच वर्षांखालच्या मुलांना जास्त, आठ-दहा दिवसात जातो. मूल पाणी पितंय आणि लघवी करतंय एवढं बघायचं.

खरी धस्स होण्यासारखी गोष्ट वेगळी आहे आणि ती कोणी विचारली नाही म्हणून मीच लिहिते. नवीन औषध सुरू केल्यावर काही दिवस ते काही आठवड्यांत ताप, डोळे लाल, ओठ-तोंड सोलणं, अंगावर जांभळट डाग आणि मग फोड, कातडं दुखणं, हे एकत्र आलं तर रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात जायचं. स्टीव्हन्स जॉन्सन म्हणतात. फिटची फेनिटोइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, ही नेहमीची नावं. संशयित औषध त्या क्षणी थांबवायचं, आणि रॅपर फेकायचं नाही, सोबत आणायचं. लोक मेडिकलवरून सुट्या दोन-दोन गोळ्या कागदात बांधून आणतात आणि आम्हाला कळतच नाही काय खाल्लं. एकदा असं झालं की त्या औषधाचं नाव कागदावर लिहून जन्मभर खिशात ठेवायचं.

कळण्याची_भाकरी

एक छोटंसं. मला कोपर, गुडघे, पार्श्वभागावर खाजरे बारीक फोड सात वर्षं होते, खरूज खरूज म्हणून औषधं झाली. निघालं डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस, गव्हाची ॲलर्जी नाही पण गव्हातल्या ग्लुटेनमुळेच होतं. डॅप्सोनच्या गोळ्यांनी तीन दिवसात खाज थांबली (आधी जी-सिक्स-पीडी ही रक्ताची तपासणी केली), आणि गहू सोडला. आपल्याकडे ते फार अवघड नाही, ज्वारी आहे, बाजरी आहे, कळणा आहे. फक्त दळून आणताना गिरणीत आधी गहू दळलेला असतो, म्हणून मी घरी छोटी चक्की घेतली. लग्नात बट्टी वाढतात तेव्हा जीव जातो थोडा.

पाडळसरे

दादा, आईंच्या पाठीच्या जखमांचं घरी काय करत होता? चादर चिकटत नव्हती का? माझ्या मामाला भाजलंय, तोच प्रॉब्लेम आहे.

अनेरकाठ

चिकटायची. रोज सकाळी पाठ चादरीवरून उचलताना कातडं घेऊनच यायची, ती पहाटे चारपासून जागी राहायची त्या भीतीने. मग वॉर्डातल्या सिस्टरने विचारलं तुम्ही केळीवाले ना, मग पानं आणा. मला वाटलं जेवायला. त्यांनी सांगितलं भाजलेल्या पेशंटला केळीचं पान वापरतात, मुंबईच्या सायन हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्याच्यावर २००३ साली अभ्यास छापलाय. पान मेणचट असतं म्हणून जखमेला चिकटत नाही, गार लागतं, आणि मोठं असतं.

वाऱ्याने फाटलेलं पान चालत नाही, म्हणून पोंगा नुकताच उलगडलेला असतो ते पान मी पहाटे कापायचो, फवारणी झालेल्या ओळीतलं कधीच नाही. मधली शीर काढून, धुऊन, दवाखान्यात ते वाफेवर निर्जंतुक करून घ्यायचे, रंग हिरव्याचा तपकिरी व्हायचा. घरी आल्यावर डॉक्टरांना विचारूनच केलं, पातेल्यात वाफवायचो, तोवर उघड्या जखमा थोड्याच राहिल्या होत्या. पहिल्या रात्री पानावर झोपली आणि सकाळी साडेसहाला मीच उठवलं. एवढी वर्षं घड विकले, पानं बांधावर टाकली.

पाडळसरे भाऊ, मामाच्या डॉक्टरला विचारूनच करा, आणि पानं लागली तर सांगा, जळगावला गाडी रोज जाते, पाठवून देईन.

आई आता स्टिरॉइडच्या अगदी छोट्या डोसवर आहे. दर महिन्याला दाखवायला जातो. ठेचा अजून नाही, पण काल कळण्याची भाकर आणि दही मागून घेतलं.

वरण_बट्टी_भुसावळ

अपडेट देतो. आज आजोबांना दाखवलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली शुगरवाल्यांशी फोनवर बोलून. मंगळवारी तुकडे काढणार. मी विचारलं दोन बाटल्या ना, तर ते माझ्याकडे बघतच राहिले, म्हणाले कोणी सांगितलं. आजोबा म्हणताय फणी तेवढी राहू द्या.

अनेरकाठ

मंगळवारी दुसऱ्या बाटलीवर जागा लिहिलेली बघून घ्या. फणी बोथट घ्या, फोड फुटला तर जखम पिकते. रिपोर्ट आला की इथेच टाका.